काच चांगली होती

ज्योतीत पूड तयार होते हे लोकांना पटत नाही. ज्योतीत वस्तू जळतात, त्यांची राख होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्योतीतून काही जन्माला येतं म्हटलं की माणसं जरा संशयानं बघतात. माझ्या आईला मी फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. काचेच्या नळीतून टायटॅनियमच्या एका द्रवाची वाफ वर येते, भोवती गॅस जळत असतो, वाफ त्यात जळते आणि पांढरा धूर होऊन वर जाते. तो धूर आम्ही पंपानं ओढून गाळणीच्या कागदावर धरतो. त्यातला एकेक कण इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायचा नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे काजळ धरतेस. त्याला पीएच.डी. कशाला लागते?"

फारसं चुकलं नव्हतं तिचं. तिचं काजळ काळं आणि माझं पांढरं, एवढंच. ती तुपाच्या दिव्यावर तांब्याची थाळी उपडी धरायची. मी टिकलीएवढी तांब्याची जाळी चिमट्यात धरून पापणी लवते तेवढाच वेळ ज्योतीत घालायची, आणि थंड जाळीवर चिकटलेले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पण तेव्हा मला राग आला. दोन वर्षं घरात बसून काढल्यावर मिळालेली नोकरी होती ती, आणि तिला कुणी काजळ म्हटलेलं मला सोसणार नव्हतं.

ती दोन वर्षं आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ल्यूकन या उपनगरात काढली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी गाडी घेऊन जायचा तो अंधार पडल्यावरच परत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नव्हती. एकासारखी एक घरं, प्रत्येकापुढे गवताचा एकसारखा तुकडा, आणि दुपारी तीनपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुण्यात सिरॅमिकच्या पुडींवर संशोधन केलेली मी, इथे जाडे पोहे कुठे मिळतात आणि हिंगाची डबी कुणाकडे शिल्लक आहे, यातली तज्ज्ञ झाले होते. नवऱ्यावर आधी चिडायचं आणि मग कारण शोधायचं, अशी सवय मला तिथेच लागली. २००३ मध्ये डब्लिनमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉकची जागा मिळाली, तीही वर्षावर्षाच्या करारानं. करार संपला की परवानगी संपणार आणि मी पुन्हा ल्यूकनच्या खिडकीत, हे मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

प्रयोगशाळा तळघरात होती. तिच्या शेजारी काचेचं वर्कशॉप, आणि त्यात एकच माणूस. वय साठीला टेकलेलं, मूळचे आयर्लंडच्या पश्चिम टोकाच्या स्लायगोकडचे, तीस वर्षं त्याच खोलीत ज्योतीवर काच वाकवत आलेले. तिथे प्रोफेसरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. माझी जीभ काही वळली नाही. समोर असताना मी हाक मारणंच टाळायची आणि घरी त्यांना काचवाले काका म्हणायची. आमचा बर्नर त्यांनीच केला होता. क्वार्ट्झच्या तीन नळ्या एकात एक, मधली फट सगळीकडे सारखी, कुठे केसभर जास्त नाही की कमी नाही. मधल्या नळीतून वाफ, तिच्याबाहेरून गॅस, सगळ्यात बाहेरून ऑक्सिजन. ज्योत पेटली की काका दारात उभे राहून एक डोळा बारीक करून बघायचे, आणि ती सरळ उभी असली की म्हणायचे, "ग्रँड."

आयर्लंडमध्ये हा शब्द कशालाही चालतो. बरं आहे, असू दे, समजलं, नको, पुरे झालं. आवाजावरून ओळखायचं.

अकरा वाजता आम्ही दोघं त्यांच्या वर्कशॉपमध्ये चहा प्यायचो. मी एकदा चिवड्याचा डबा नेला. त्यांना त्यातले तळलेले शेंगदाणे इतके आवडले की ते निवडून खायला लागले, आणि मी लहान मुलाला दटावावं तसं त्यांना दटावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा धुऊन परत दिला. मी गमतीत म्हटलं, आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात, रिकामा दिला की संबंध संपला असं होतं. ते एकदम गंभीर झाले आणि त्यांनी माफी मागितली. त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. कधी चार बिस्किटं, कधी गावाकडून आणलेली ब्लॅकबेरी, एकदा काहीच हाताशी नव्हतं तेव्हा साखरेचे दोन चौकोन. एका शुक्रवारी डब्यात उरलेल्या काचेचा अंगठ्याएवढा बगळा निघाला. तो मी अजून जपून ठेवला आहे, पण काढून बघत नाही.

काकांचा माझ्यासाठी एकच नियम होता. बर्नरला नळ्या जुळतात त्या सांध्यात त्यांना विचारल्याशिवाय काही घालायचं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांचा भाऊ वारला आणि ते आठवडाभर स्लायगोला गेले. नेमकी त्याच आठवड्यात बर्नरच्या बुडाची सीलरिंग चिरली. बुडाशी, जिथे वाफेची नळी येऊन मिळते, तिथे एक काळी रिंग असायची. वाफ थिजू नये म्हणून तो भाग पट्ट्यांनी तापवून ठेवलेला असायचा. नवी रिंग मागवली तर दहा दिवस. आणि पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे सोमवारी येणार होते. प्रोफेसर म्हणाले, असू दे, त्यांना जुनी चित्रं दाखवू. पण ते माझ्या रक्तातच नव्हतं. पुण्यात आम्ही सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून पंप चालवले होते. सुटा भाग यायला तीन महिने लागायचे, आणि 'भाग आला नाही म्हणून काम झालं नाही' हे वाक्य आमच्या मार्गदर्शक बाईंच्या कानावर घालायची कुणाची छाती नव्हती. वस्तू नाही म्हणून अडून बसायचं नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान. त्याच अभिमानानं मी घरी येऊन स्वयंपाकघरातलं प्रेस उघडलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमच्या प्रेसमध्ये वरच्या फळीवर आईनं दिलेल्या कुकरच्या तीन जादा रिंगा होत्या. पांढऱ्या, लवचिक, वाफेला आणि उष्णतेला दाद न देणाऱ्या. एक मी ब्लेडनं मापात कापली, टोकं तिरकी छाटून जुळवली आणि बुडाच्या खाचेत दाबून बसवली. गॅसचं सिलिंडर बदलल्यावर साबणाचा फेस लावून बघतात तसं बघितलं. एक बुडबुडा नाही. वहीत लिहिलं, 'सील बदललं'. कशाचं, ते लिहिलं नाही, कारण लाज वाटली. बाकी कशासाठीही नाही.

काका परत आल्यावर मी सांगितलं की सील बदललं. त्यांचं लक्ष नव्हतं. भावाला पुरून आले होते. म्हणाले, "ग्रँड."

त्या सोमवारपासून पूड बदलली. आम्हाला बारीक कण हवे असायचे, कारण कण जितका बारीक तितका तेवढ्याच वजनाच्या पुडीचा पृष्ठभाग जास्त. तो मोजायला पुडीवर नायट्रोजन बसू द्यायचा आणि किती बसला ते बघायचं. आधी आमच्या एका ग्रॅम पुडीला ल्यूकनच्या घराच्या खालच्या मजल्याएवढा पृष्ठभाग असायचा. आता दोन्ही मजल्यांएवढा यायला लागला. शिवाय टायटॅनियमच्या या पुडीची दोन रूपं असतात, त्यातलं एक आम्हाला हवं असलेलं आणि दुसरं ज्योतीची आच जास्त झाली की आपोआप होणारं. क्ष-किरणांखाली दोन्ही वेगळी ओळखू येतात. नको असलेलं रूप जवळजवळ नाहीसंच झालं. प्रोफेसर आलेख हातात घेऊन तळघराचे जिने उतरून आले, जे ते कधी करत नसत.

कारण त्यांनी लगेच शोधलं. विद्वान माणसाला कारण शोधायला वेळ लागत नाही, खरं कारण शोधायला लागतो. ते म्हणाले, ही सगळी काकांच्या नळ्यांमधल्या फटीची करामत; इतकी सारखी फट कुणाच्याच बर्नरला नसेल, म्हणून ज्योत स्थिर, म्हणून कण वाढायच्या आत बाहेर पडतात. मलाही पटलं. गळती थांबल्यामुळे त्यात भर पडली असेल, असं मी मनात धरलं. लेख तयार झाला आणि त्यावर प्रोफेसरांनी काकांचंही नाव घातलं, माझ्या नावानंतर लगेच. तीस वर्षं लोकांची भांडी करून दिलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा छापून आलं. त्यांनी लेखाची प्रत चष्म्याच्या खणात ठेवली होती. चहा पिताना एकदा ती काढून म्हणाले, भाऊ असता तर त्याला दाखवली असती. त्याला कधी कळलंच नाही की मी इथे नक्की काय करतो.

तेव्हा विभागात वर्कशॉप बंद करायची चर्चा चालू होती. काच आता बाहेरून मागवता येते आणि त्या खोलीत कॉम्प्युटर बसवता येतील, असं वरच्यांचं म्हणणं. प्रोफेसर प्रत्येक बैठकीत आमचा बर्नर पुढे करायचे. हा बर्नर बाहेरून मागवून दाखवा, म्हणायचे. वर्कशॉप एका बर्नरवर उभं होतं हे काकांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

काही महिन्यांनी पूड पुन्हा साधारण यायला लागली. मी बुड उघडलं; रिंग पिवळी पडून कडक झाली होती. दुसरी कापून घातली. पूड सुधारली. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला वाटलं, गळती. आईला फोन करून आणखी रिंगा मागवल्या. ती म्हणाली, कुकर चालवतेस की कारखाना.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडे आम्ही पूड पाठवली. त्यांच्याकडे कणांच्या पृष्ठभागावर कुठले अणू आहेत ते ओळखणारं यंत्र होतं. उत्तर आलं, पुडीत सिलिकॉन आहे. थोडं, पण सगळीकडे, आणि एवढंसं सिलिकॉन कणांना वाढू देत नाही, रूपही बदलू देत नाही. म्हणजे सगळी करामत फटीची नव्हे, त्या भेसळीची. आधी संशय गाळणीच्या कागदावर गेला, कारण तो काचेच्या धाग्यांचा असतो. म्हणून मी तांब्याची जाळी थेट ज्योतीत घालून नमुना घेतला. तिच्यावरही सिलिकॉन. मग राहिला बर्नर, आणि बर्नर म्हणजे क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉनच.

प्रोफेसर सभ्य माणूस. त्यांनी काकांना दोष दिला नाही, फक्त विचारलं. क्वार्ट्झ तापवताना त्याची थोडी वाफ होते आणि नळीवर पांढरी झाक येते. ती पुन्हा तापवून, पुसून काढावी लागते. आतल्या बाजूला राहिली असेल का? काका म्हणाले, राहिलेली नाही. मग जरा थांबून म्हणाले, मला तरी दिसली नाही. त्यांनी दोन आठवडे खपून दुसरा बर्नर केला, प्रत्येक नळी भिंगाखाली तपासली. मी तो बसवला. खाली रिंग तीच. सिलिकॉन तेवढंच. काका त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

मार्चमध्ये एका रविवारी मी वरणाचा कुकर लावत होते. रिंग सैल झाली होती म्हणून आईच्या नव्या पार्सलमधली काढली, आणि पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचली. सिलिकॉन रबर. घरात आम्ही तिला रिंग म्हणायचो, फार तर रबर. तीन वर्षं पदव्युत्तर पोरांना सिलिकॉनची संयुगं शिकवलेली बाई मी, आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंना मी रसायनशास्त्रातून सूट दिलेली होती. तापलेल्या बुडात ती रिंग महिनोन्महिने घामासारखी वाफ सोडत होती, ती वाफ ज्योतीत जळत होती, आणि तिची वाळू माझ्या कणांवर बसत होती. कुकर तसाच ठेवून मी खुर्चीवर बसले.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून हसायचं थांबला. मी म्हटलं, उद्याच सांगते प्रोफेसरांना.

"मे महिन्यात तुझं रिन्यूअल आहे," तो म्हणाला. "दोन महिने थांब. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याला दोष देऊन मी कितीदा तरी सुटायला बघितलं आहे. पण तो काय, मला हवं तेच बोलला. मला खिडकी दिसत होती, गवताचे तुकडे दिसत होते.

पुढचं जे केलं ते मात्र कुणी सुचवलं नव्हतं. काकांनी एप्रिलमध्ये तिसरा बर्नर केला. हात थोडे थरथरतात म्हणून सकाळीच काम करायचे, जेवणानंतर नाही. तो बसवायच्या दिवशी मी लवकर आले आणि बुडातली पांढरी रिंग काढून नियमाप्रमाणे मागवलेली काळी घातली. मला वाटलं होतं, सिलिकॉन गेलं की प्रकरण मिटेल, कुणालाच काही सांगावं लागणार नाही. सिलिकॉन गेलं. पूडही पूर्वीसारखी जाडी यायला लागली. आणि सगळ्यांनी सरळ हिशेब केला: तिसऱ्या बर्नरची काच स्वच्छ, म्हणजे पहिल्या दोनांची खराब. मी खोलीत उभी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं तरी मला सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं. काका तेवढे जमिनीकडे बघत होते.

प्रोफेसरांनी त्यांच्याविरुद्ध कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. बैठकीत वर्कशॉपचा विषय निघाला तेव्हा ते फक्त गप्प राहिले, आणि तेवढं पुरलं. काकांना भांडारात बदली किंवा लवकर निवृत्ती, यातलं एक निवडायचं होतं. माझा करार मे महिन्यात वाढला. वर्कशॉप जूनच्या शेवटी बंद झालं. घरी नवरा म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला, आता विसर. त्यावर मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेवटच्या आठवड्यात मी रोज ठरवून त्यांच्या दारापर्यंत जायची. एकदा आत गेले. ते खोक्यात भट्टीचे चिमटे भरत होते. म्हणाले, ही सगळी हत्यारं एका तरुण कारागिराला देऊन टाकली. मी म्हटलं, तुम्हाला गावाकडे लागतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"डोळे गेले माझे," ते म्हणाले. "झाक दिसली नाही मला. दोनदा दिसली नाही. ज्याला काच दिसत नाही त्यानं काचेला हात लावू नये."

हीच ती वेळ होती. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं आणि म्हटलं, असं कुणालाही होऊ शकतं. जगात मी बोललेल्या वाक्यांपैकी हे सगळ्यात नीच वाक्य.

सप्टेंबरात प्रोफेसरांना नवी कल्पना सुचली. ती पूड तर चांगलीच होती. मग पहिला बर्नर पुन्हा लाव, काच सिलिकॉन सोडते कशी तेच आपण अभ्यासू. मी तो लावला. खाली काळी रिंग. सिलिकॉन कुठून येणार? पंधरा दिवस मी रोज ज्योत पेटवली, जाळी घातली, सिलिकॉनचा मागमूसही नसलेले नमुने गोळा केले. पांढरी रिंग गुपचूप परत घालावी, असंही एकदा मनात आलं. घरून एक रिंग पर्समध्ये घालून नेलीही. मग त्याच दिवशी ती घेऊन वर प्रोफेसरांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. एप्रिलमधली सकाळ सोडून. आणि मार्चमधला रविवार सोडून. आत्ताच लक्षात आलं, असं सांगितलं.

नोकरी गेली असं धरून मी उभी होते. प्रोफेसरांनी रिंग बोटांत फिरवली, वास घेतला. मग ते म्हणाले, किती सिलिकॉन जातं ते कमीजास्त करता येईल का? रिंगेऐवजी सिलिकॉनचं एखादं द्रवच मोजून सोडलं तर? त्यांचे डोळे चमकत होते. वर्षभरात दुसरा लेख तयार झाला, पहिल्यापेक्षा चांगला, आणि त्यात लिहिलं की सिलिकॉन हेतुपुरस्सर मिसळलं. पहिल्या लेखाला दुरुस्ती पाठवली. तिच्यात भेसळ 'उपकरणाच्या एका भागातून' आल्याचं म्हटलं होतं. माझा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला. ज्या सत्यासाठी मी सहा महिने घाबरले, त्यानं माझं काहीच बिघडवलं नाही. दुसऱ्या लेखावर काकांचं नाव असावं का, असं मी विचारलं, तर प्रोफेसर म्हणाले, आता त्यात त्यांचं काम काय? बरोबरच होतं. त्या सप्टेंबरातच, मी त्यांच्या दारातून बाहेर पडताना, ते म्हणाले होते, काकांना कळवशील ना तू? तुमची मैत्री होती. मी हो म्हटलं होतं.

तो होकार पुरा करायला मला वर्षाहून जास्त वेळ लागला. पत्र लिहायचं तर 'कधीपासून' हे टाळून लिहिता येत नव्हतं, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती.

२००६ च्या दिवाळीत स्लायगोच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला असलेल्या एका नागपूरच्या डॉक्टर जोडप्यानं आम्हाला बोलावलं. फराळ झाला, त्यांची मुलगी आमच्या मराठी प्रश्नांना आयरिश इंग्रजीत उत्तरं देत होती, सगळे हसत होते. मला बसवत नव्हतं. दुपारी मी एकटी बसनं काकांच्या गावाला गेले. हातात चिवड्याचा डबा होता, तोच जुना स्टीलचा, आणि शेंगदाणे मुद्दाम जास्त घातले होते.

भावाच्या घरात ते एकटेच राहत होते. बारीक झाले होते. दार उघडल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मला परत फिरावंसं वाटलं. टेबलाजवळ बसवलं, चहा केला, चिवडा वाडग्यात ओतला आणि लगेच दाणे निवडायला लागले. खिडकीत काचेची एकही वस्तू नव्हती. दिवसभर काय करता विचारलं, तर म्हणाले, कुत्र्याला फिरवतो, टीव्ही बघतो, डोळे तपासून घेतले, डॉक्टर म्हणतो वयाच्या मानानं ठीक आहेत, पण डॉक्टरला काचेतलं काय कळतं.

मी सांगितलं. कुकरची रिंग, तिचं सिलिकॉन, ज्योत, सगळं. दाणे निवडणारा त्यांचा हात थांबला.

"मग काच चांगली होती?" ते म्हणाले.

"हो."

"पहिल्या बर्नरचीही?"

"तिन्ही बर्नरची."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मला वाटलं, झालं, आता हसतील. येताना बसमध्ये मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, प्रोफेसरांना सांगितलेलंच, की वर्कशॉप बंद झाल्यावर कळलं. त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं हे?" आणि ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेना.

"मार्चमध्ये," मी म्हटलं.

ते मनात मोजत होते ते मला दिसत होतं. मार्च, एप्रिल, मे, जून.

"तिसरा बर्नर मी एप्रिलमध्ये केला," ते म्हणाले.

"हो. तेव्हा मी रिंग काढून ठेवली होती."

मी माफी मागितली, आधी इंग्रजीत, मग मला न कळत मराठीत. त्यांनी दोन्ही ऐकलं. मग म्हणाले, "ग्रँड." त्यात ना राग होता, ना दुसरं काही. उठून त्यांनी माझा कोट आणला आणि म्हणाले, साडेचारची बस गाठ, नाहीतर पुढची सहाला आहे. माझा चहा अर्धा राहिला होता.

मी कोट घालेपर्यंत ते मोरीशी पाठमोरे उभे होते. डबा विसळला, साबण लावून धुतला, आतबाहेर फडक्यानं पुसला, झाकण लावलं. दारात माझ्या हातात दिला. पाऊस पडत होता, म्हणून ते बाहेर आले नाहीत.

वजनावरून कळलं होतंच. तरी बसमध्ये बसल्यावर मी झाकण उघडून पाहिलं. डबा स्वच्छ होता, कोरडा होता, आणि रिकामा होता.